बजबजचा काठ, सोलापूरचा डॉक्टर आणि श्वासाचा स्नायू

सियालदहहून निघालेली लोकल दक्षिणेकडे तासाभरात बजबजला पोचते. हुगळीच्या पूर्व काठावरचे हे गाव तेलाच्या साठवण टाक्यांसाठी आणि तागाच्या गिरण्यांसाठी ओळखले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते आठवते २९ सप्टेंबर १९१४ या दिवसामुळे. कॅनडाने परत पाठवलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजातील प्रवाशांवर त्या दिवशी याच धक्क्याजवळ गोळीबार झाला. आज तेथील रेल्वेस्थानकाच्या नावातही त्या जहाजाचे नाव जोडलेले आहे. या लेखाचा विषय मात्र त्याहून सव्वाशे वर्षांहून अधिक जुन्या एका आगमनापासून सुरू होतो आणि आजच्या अतिदक्षता विभागातील एका प्रश्नापाशी येऊन थांबतो.

प्रश्न असा: गंभीर आजारातून जीव वाचलेल्या, पण व्हेंटिलेटरवरून सुटू न शकणाऱ्या रुग्णाचे श्वासाचे स्नायू सुया टोचून पुन्हा बळकट करता येतील का? चीनमधील अनेक रुग्णालयांत हा उपचार नेहमीच्या उपचारांच्या जोडीने केला जातो. आपल्याकडेही कोविडच्या साथीनंतर असे प्रश्न नातेवाईकांच्या तोंडी येऊ लागले. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात मिळत नाही. परंतु ही सुई आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली आणि श्वासाच्या स्नायूविषयी वैद्यकाला काय, केव्हा उमगले, हे दोन इतिहास शेजारी ठेवून वाचले, तर उत्तर शोधण्याची रीत तरी हाती लागते.

अछिपूर: साखरेची गोष्ट

बजबजहून नदीच्या ओघाने आणखी काही किलोमीटर खाली गेले की अछिपूर लागते. गावाचे नाव पडले आहे ते तोंग अछ्यू या चिनी व्यापाऱ्यावरून. अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, वॉरन हेस्टिंग्ज बंगालचा गव्हर्नर जनरल असताना, अछ्यूला येथे जमीन मिळाली. ६५० बिघे जमीन आणि वर्षाला ४५ रुपये खंड, असा तो व्यवहार सांगितला जातो. तेथे त्याने उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना उभारला आणि कामासाठी आपल्या देशातून मजूर आणले. बंगालमधील चिनी वसाहतीची ही पहिली नोंद मानली जाते. १७८१ मध्ये, आपल्या मजुरांना कोलकात्यातील इतर चिनी लोक फूस लावून नेतात, अशी तक्रार त्याने कंपनी सरकारकडे केली आणि सरकारने त्याच्या बाजूने जाहीर सूचना काढली. १७८३ च्या अखेरीपर्यंत तो मरण पावला होता. कारखाना टिकला नाही, माणसे कोलकात्याकडे सरकली. त्यांतून पुढे तिरेटा बाजार आणि टांगरा या चिनी वस्त्या वाढल्या.

अछिपूरला नदीकाठी अछ्यूची लाल रंगाची, घोड्याच्या नालेच्या आकाराची समाधी आहे आणि जवळच भूमिदेवतांचे चिनी मंदिर आहे. चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातील चिनी कुटुंबे तेथे दर्शनाला जातात. या कहाणीत सुया कोठेही नाहीत; आहे ती साखर, जमीन आणि मजुरी. तरीही ती आधी सांगितली, कारण चिनी माणूस आणि बंगालची भूमी यांचे नाते किती जुने आणि किती साध्या गरजांतून जुळलेले आहे, हे तीतून कळते. भारतातील ॲक्युपंक्चरचा इतिहासही पुढे कोलकात्यातच घडला. मात्र त्याची वाट बजबजवरून गेली नाही. ती मुंबईच्या गोदीतून निघाली आणि तिच्या आरंभी एक सोलापूरकर होता.

पाच डॉक्टर

१९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले. चीनचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. अलाहाबादचे मदन अटल पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि कोलकात्याचे देवेश मुखर्जी व विजयकुमार बसू हे इतर चौघे. सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांनी मुंबई सोडली.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले होते. यनआनला पोचल्यावर त्यांनी आठव्या मार्ग सेनेबरोबर काम केले. पुढे उत्तर चीनच्या आघाडीवर बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. ज्यांच्या नावाने हे रुग्णालय होते, ते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन वारले होते. कोटणीसांनी चिनी भाषा शिकली, त्याच भाषेत शल्यचिकित्सा शिकवली, परिचारिका को छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांत त्यांचा अंत झाला. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा १९४६ चा चित्रपट या जीवनावर आहे. आजही सोलापुरात आणि चीनच्या हपै प्रांतातील शृ-च्याच्वांग शहरात त्यांची स्मारके आहेत.

कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणले, असे विधान अधूनमधून ऐकू येते. ते कालक्रमाला धरून नाही. कोटणीसांचे काम शस्त्रक्रियेचे, तेही बहुधा अपुऱ्या भूलऔषधांनिशी, खेड्यापाड्यांतल्या झोपड्यांत चालणारे. शिवाय यनआनच्या शांतता रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा विभाग सुरू झाला तो एप्रिल १९४५ मध्ये, म्हणजे कोटणीसांच्या मृत्यूनंतर सव्वादोन वर्षांहून अधिक काळाने. सुई भारतात आणली ती त्यांच्या सहकाऱ्याने. पथकातील विजयकुमार बसू १९४३ पर्यंत चीनमध्ये राहिले. पुढे १९५८-५९ च्या सुमारास ते पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून त्यांनी कोलकात्यात त्याचा वापर सुरू केला. भारतातील आधुनिक ॲक्युपंक्चरचा आरंभ येथून मोजतात.

काळ मात्र अनुकूल नव्हता. तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, चीनशी युद्ध झाले. भारतातील हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध केले गेले आणि कोलकात्याच्या चिनी वस्त्या ओस पडू लागल्या. अशा दिवसांत ‘चिनी’ म्हणून ओळखला जाणारा उपचार चालवणे सोपे नव्हते. १९७० च्या दशकात कोटणीसांच्या नावाने स्थापन झालेल्या स्मृती समितीने ॲक्युपंक्चरची दवाखाने चालवणारी चळवळ उभी केली. म्हणून कोटणीसांचे नाव या उपचाराशी जोडले गेले. आठवणीची ही गुंतागुंत समजण्याजोगी आहे. हुतात्म्याचे नाव लोकांच्या ओठी राहते आणि दीर्घकाळ राबणारा सहकारी मागे पडतो. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, कोलकात्यात बसूंच्या नावाची संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाराष्ट्रातही २०१५ चा असाच कायदा आहे.

सुई स्वतः किती जुनी, किती नवी

ॲक्युपंक्चर ही हजारो वर्षांची अखंड परंपरा आहे, असे आपण सहज म्हणतो. ग्रंथ जुने आहेत, हे खरेच. पण परंपरा अखंड नव्हती. १८२२ मध्ये छिंग राजवटीच्या सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चरचा विभाग काढून टाकला. १९२९ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारपुढे जुने वैद्यक मोडीत काढण्याचाच प्रस्ताव आला आणि वैद्यांनी देशभर विरोध केल्यावर तो मागे पडला. सुईला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती यनआनच्या गुहांत. त्यामागे मोठी निकड होती. औषधे नव्हती, नाकेबंदी होती, जखमी सैनिकांची रीघ होती. सुई मात्र स्वस्त होती आणि ती टोचायला थोड्या दिवसांत शिकवता येत होते. आधुनिक वैद्यक शिकलेल्या चू ल्यान या डॉक्टर महिलेने येथे काम करता करता जुन्या पद्धतीची मांडणी मज्जासंस्थेच्या भाषेत केली. १९५१ मध्ये तिचे ‘नवे ॲक्युपंक्चर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी पेकिंगला स्थापन झालेल्या संशोधन संस्थेची ती प्रमुख झाली. बसू जे शिकून आले, ते हे नव्याने घडवलेले ॲक्युपंक्चर होते.

युरोपातही सुई पूर्वीच पोचली होती. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत जपानला गेलेल्या विलेम टेन रायन या वैद्याने १६८३ मध्ये लंडनला छापलेल्या ग्रंथात तिची माहिती दिली आणि ‘ॲक्युपंक्चर’ हा लॅटिन शब्द रूढ केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये सुयांचे वेडच आले. १८२५ मध्ये सारलांदिएर या फ्रेंच वैद्याने शरीरात टोचलेल्या सुयांतून विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आज ज्याला इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर म्हणतात, त्याची ही पहिली छापील नोंदींपैकी एक.

येथून कथेला महत्त्वाचे वळण मिळते. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टराने प्रथम हीच सुया व विजेची रीत वापरून पाहिली. मग त्याच्या ध्यानात आले की कातडीला छेद न देता, ओल्या पट्ट्यांतून दिलेली वीज हव्या त्या स्नायूपर्यंत पोचते. सुई बाजूला ठेवून त्याने एकेक स्नायू वेगळा करून त्याचे कार्य अभ्यासले. १८५५ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मानेतून खाली उतरणाऱ्या फ्रेनिक चेतेला वीज दिली की श्वासपटल आकुंचन पावते आणि श्वास आत येतो, हे त्याने दाखवले. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू. शांत श्वसनाचे बहुतांश काम तो करतो. म्हणजे ‘श्वासाच्या स्नायूला बाहेरून जागे करता येते’ ही कल्पना पावणेदोनशे वर्षांची आहे आणि तिच्या वाटेवर सुई एकदा येऊन गेलेली आहे.

यंत्राने वाचवले, यंत्रानेच दुबळे केले

श्वासाचा स्नायू बंद पडल्यावर काय करायचे, हा प्रश्न विसाव्या शतकात पोलिओने ऐरणीवर आणला. १९२८ मध्ये हार्वर्डच्या ड्रिंकर आणि शॉ यांनी लोखंडी फुप्फुस तयार केले. रुग्णाचे डोके बाहेर आणि उर्वरित शरीर पेटीत. पेटीतील हवेचा दाब कमी केला की छाती फुगते. पण १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ मरण पावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी वेगळा मार्ग सुचवला. श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा थेट फुप्फुसांत लोटायची. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला आणि ती वाचली. यंत्रे नव्हतीच. म्हणून सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने हातांनी पिशव्या दाबल्या. आजचा अतिदक्षता विभाग या हातांतून जन्मला. पुढे तोच दाब यंत्र देऊ लागले, तेच आपले व्हेंटिलेटर. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर केलेले काम ही याच विद्येची आपल्याकडची शाखा.

रुग्ण वाचू लागले तसा नवा प्रश्न उभा राहिला. फुप्फुस सुधारले, ताप उतरला, तरी काही रुग्णांना यंत्राविना श्वास घेता येईना. हातपायही उचलता येईनात. १९८४ मध्ये कॅनडातील चार्ल्स बोल्टन व सहकाऱ्यांनी अशा पाच रुग्णांचे वर्णन केले. दीर्घ गंभीर आजारात चेतांनाच इजा होते, असे त्यांनी दाखवले. नंतर स्नायूंची स्वतंत्र इजाही लक्षात आली. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादात, स्नायूतील प्रथिने झपाट्याने मोडतात. त्यात भर पडते अंथरुणाला खिळल्याची.

श्वासपटलाच्या बाबतीत तर आणखी एक कारण निघाले, ते म्हणजे स्वतः व्हेंटिलेटर. २००८ मध्ये फिलाडेल्फियाच्या लेव्हिन व सहकाऱ्यांनी मेंदुमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले. हे १४ दाते १८ ते ६९ तास पूर्णपणे यंत्राच्या श्वासावर होते. फुप्फुसाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी थोडा वेळ यंत्रावर असलेल्या आठ जणांशी तुलना केली, तेव्हा दात्यांच्या स्नायुतंतूंची जाडी, म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, निम्म्याहून अधिक घटलेले आढळले. संथ तंतूंत घट ५७ टक्के, वेगवान तंतूंत ५३ टक्के. त्याच शरीरातील छातीच्या दुसऱ्या स्नायूत मात्र असा बदल नव्हता. गर्भातील हालचालींपासून ज्याला विसावा ठाऊक नाही, असा हा स्नायू तीन दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीत इतका खंगतो, ही माहिती वैद्यकाला हादरवणारी होती. जो हात बुडत्याला धरून ठेवतो, तोच त्याचे पोहणे विसरायला लावतो, अशी ही कोंडी आहे.

येथे एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. विल्यम ऑस्लर यांचे १८९२ चे ‘वैद्यकाची तत्त्वे व व्यवहार’ हे पाठ्यपुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांनी वाचले. लांबलेल्या जंतुदोषात शरीराचे मांस झपाट्याने झडते, हे निरीक्षण त्यात आहे. आणि त्याच पुस्तकात कंबरदुखीच्या तीव्र झटक्यावर ॲक्युपंक्चर हा सर्वांत परिणामकारक उपाय असल्याची शिफारसही आहे. तीन-चार इंच लांबीच्या, टोपीला लावायच्या सुया निर्जंतुक करून चालतील, असेही ऑस्लर सांगतात. स्नायूंचे झिजणे आणि सुई, दोन्ही गोष्टी एका ग्रंथात होत्या. पण एकीवर दुसरी लागू करावी, असे ऑस्लर यांना सुचले नाही. वेदना शमवणे आणि झिजलेला स्नायू भरून काढणे या मुळात भिन्न गोष्टी आहेत. आजच्या दाव्यांची पारख करताना हा भेद विसरता कामा नये.

दावा आणि पुरावा

१९७१ च्या जुलैमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया पेकिंगला झाली. त्यांनी लिहिलेल्या लेखामुळे अमेरिकेत ॲक्युपंक्चरची लाट आली. लोकांनी लक्षात ठेवले ते असे, की सुयांची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. लेखात तसे नव्हते. भूल नेहमीच्या औषधांनी दिली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातील वायूची अस्वस्थता घालवण्यासाठी. विज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्याने ही गोष्ट जपून ठेवावी अशी आहे. मूळ मजकूर आणि त्याची आठवण यांत एवढे अंतर पडू शकते.

पुढे प्रयोगशाळांनी हे काम हाती घेतले. १९७६ मध्ये टोरांटोच्या ब्रूस पोमेरान्झ यांनी उंदरांत दाखवले की अफूसदृश द्रव्यांना अडवणारे नालोक्सोन दिले, तर सुयांमुळे होणारे वेदनाशमन थांबते. म्हणजे सुई शरीरातील वेदनाशामके मोकळी करते. २०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने आपल्या विषयाच्या अधिक जवळ पाऊल टाकले. उंदराच्या मागच्या पायातील, गुडघ्याखालच्या ‘झुसानली’ या बिंदूवर सौम्य वीज दिली, तर एका विशिष्ट प्रकारच्या चेतातंतूंमार्फत व्हेगस चेता आणि अधिवृक्क ग्रंथी कार्यरत होतात आणि सेप्सिससारख्या अवस्थेतील दाह कमी होतो. तेच तंतू पोटावरच्या त्या बिंदूपाशी खोलवर नसल्यामुळे तेथे हा परिणाम मिळाला नाही. याच गटाच्या आधीच्या कामात असेही दिसले होते की, जागा, तीव्रता आणि वेळ बदलली तर उत्तेजनाने दाह वाढूही शकतो. दाह हा स्नायू झिजण्याचे एक कारण असल्यामुळे हे निष्कर्ष आशादायक आहेत. मात्र उंदराचा दाह कमी होणे आणि माणसाचे श्वासपटल सशक्त होणे यांत बरेच अंतर आहे.

माणसांवरील एक चांगला प्रयोग जपानमधून २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकाराच्या ६८ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला बारा आठवडे खऱ्या सुया टोचल्या, दुसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या सुयांचा केवळ स्पर्श. सहा मिनिटे चालल्यानंतरची धाप पहिल्या गटात स्पष्टपणे कमी झाली. पण हे रुग्ण आपल्या पायांनी दवाखान्यात येणारे होते. गुंगीत, नळ्यांच्या जाळ्यात पडलेल्या रुग्णाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. अतिदक्षता विभागातील रुग्णांवर चीनमध्ये झालेल्या चाचण्या बहुधा लहान आहेत. ज्याला सुई टोचली त्याला आणि ज्याने टोचली त्याला ती खरी होती की खोटी, हे कळू न देणे अवघड असते. १९९८ मध्ये जर्मनीत स्ट्राइटबर्गर व क्लाइनहेन्झ यांनी रंगमंचावरील खोट्या खंजिरासारखी, दाबताच दांडीत सरकणारी सुई तयार केली, ती याच अडचणीसाठी. तरीही टोचणाऱ्याला फरक कळतोच.

आता त्याच दुबळेपणावरचे दुसरे उपाय पाहावेत. २००९ मध्ये अमेरिकेतील १०४ व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यांची गुंगी रोज थांबवून, पहिल्या दिवसांपासूनच व्यायाम दिला. घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण ५९ टक्के होते. नेहमीच्या गटात ते ३५ टक्के. २०११ मध्ये यंत्रावरून सुटण्यात वारंवार अपयश आलेल्या ६९ रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. त्यांना रोज काही वेळ अडथळ्याविरुद्ध श्वास घेण्याचा सराव दिला, जसा पैलवान वजन उचलतो तसा. त्यांतील ७१ टक्के सुटले. तुलनागटात ४७ टक्के. या चाचण्याही लहानच आहेत. पण उपाय आणि परिणाम यांतील दुवा सरळ आहे: खंगलेल्या स्नायूला पुन्हा कामाला लावायचे. ड्यूशेनची कल्पनाही परतली आहे. शिरेतून घातलेल्या तारेने फ्रेनिक चेतेला वीज देण्याच्या २०२२ मधील चाचणीत श्वासाचे बळ अधिक वाढले, परंतु यंत्रावरून सुटणाऱ्यांच्या संख्येतील फरक निर्णायक ठरला नाही. स्नायूचे बळ मोजमापात वाढणे आणि माणूस यंत्रावरून सुटणे, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. सुईलाही या दोन्ही पार कराव्या लागतील.

धोक्याचाही विचार हवा. छाती, खांदा आणि पाठीच्या वरच्या भागात खोल गेलेली सुई फुप्फुसाच्या आवरणाला भोक पाडू शकते. चालत्याफिरत्या माणसात ही इजा बहुधा आटोक्यात राहते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात मात्र यंत्र दाबाने हवा लोटत असते. तेथे एवढेसे भोकही काही मिनिटांत छातीत हवा कोंडून प्राण घेऊ शकते. शिवाय अशा रुग्णांना बहुधा रक्त न गोठण्याची औषधे चालू असतात. म्हणून अतिदक्षता विभागात हा प्रयोग करायचाच, तर तो हातापायांवरच्या सुरक्षित जागी, तेथील डॉक्टरांच्या संमतीने, नियमबद्ध चाचणीतच करावा आणि व्यायाम, पोषण, गुंगी कमी करणे या उपायांच्या जोडीला. त्यांच्या ऐवजी नव्हे.

वारशाचा अर्थ

येथवर आल्यावर पुन्हा एकदा त्या पाच डॉक्टरांकडे पाहावेसे वाटते. कोटणीस आणि बसू यांच्याविषयीचा आदर आपल्याला सुईविषयी श्रद्धाळू करतो, हे या विषयातले एक अवघड सत्य आहे. युद्धभूमीवर प्राण वेचणाऱ्याच्या नावाने चाललेल्या दवाखान्यात शंका काढणे कृतघ्नपणाचे वाटते. उलट बाजूने, ‘चिनी जादू’ म्हणून हसण्यावारी नेणारेही आहेतच; त्यांच्या हसण्यात १९६२ चा पूर्वग्रह किती आणि विज्ञान किती, हे त्यांनी स्वतःला विचारायला हवे. दोन्ही वृत्तींत एक साम्य आहे. दोघेही रुग्णाकडे पाहत नाहीत.

कोटणीस चीनला गेले ते कोणत्याही पद्धतीचा झेंडा घेऊन गेले नव्हते. जे हाताशी होते आणि ज्याचा उपयोग होत होता, ते त्यांनी केले आणि शिकवले. यनआनच्या गुहांत सुई पुढे आली तीही निकडीतून. कोपनहेगनला विद्यार्थ्यांनी पिशव्या दाबल्या, कारण यंत्रे नव्हती. पण २७ मृत्यूंची मोजदाद कोणीतरी केली होती, म्हणूनच नवा मार्ग श्रेष्ठ ठरल्याचे कळले. निकड उपायाला जन्म देते, मोजदाद त्याला टिकवते. बंगालमध्ये आणि महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरला कायद्याने मान्यता आहे. दोन्ही राज्यांत मोठी शासकीय रुग्णालये आहेत आणि यंत्रावरून सुटण्याची वाट पाहणारे रुग्णही आहेत. सुईचा खरा कस पाहणारी नीट आखलेली चाचणी या दोन राज्यांनी मिळून केली, तर सोलापूर आणि कोलकाता यांच्या त्या जुन्या सहप्रवासाला साजेसे ते स्मारक होईल. निकाल सुईच्या बाजूने लागो वा विरुद्ध, उपयोग होईल तो रुग्णाला.

विद्यार्थ्यांनी यातून एक सवय उचलावी. पुढच्या वेळी एखाद्या उपचाराची बातमी वाचाल, तेव्हा चार गोष्टी विचारा. किती रुग्णांवर? कशाशी तुलना करून? मोजले काय, स्नायूचे बळ की माणसाचे घरी परतणे? आणि अपाय किती जणांना झाला? मग डोळे मिटून एक दीर्घ श्वास घ्या. फासळ्यांखाली जो घुमट खाली सरकल्याचे जाणवते, तो स्नायू तुमच्या जन्मापासून एकदाही सुटीवर गेलेला नाही. ज्यांचा तो थकला आहे, त्यांना आपण खात्री पटलेलेच उपाय द्यायला हवेत.